सबयुनिट लसीचा प्रतिसाद कमी पडतो तेव्हा: ॲडज्युव्हंटच्या आधी काय पाहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचा एक तुकडा, साधारण २५ किलोडाल्टनचा, ई. कोलाय या जिवाणूत बनवला आहे. शेपटीला हिस्टिडिन टॅग, म्हणजे शुद्धीकरणासाठी जोडलेला छोटा तुकडा, आहे. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडसोबत (पुढे ‘ॲलम’) बाल्ब-सी जातीच्या उंदरांना १० मायक्रोग्रॅमचे दोन डोस दोन आठवड्यांच्या अंतराने दिले. एलायझाचा, म्हणजे प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे मोजणाऱ्या चाचणीचा, टायटर (प्रतिपिंडांची पातळी) छान आला, पण विषाणू निष्प्रभ करण्याच्या चाचणीत जवळपास काहीच नाही. तीन महिन्यांनी एलायझाचा टायटरही बराच खाली आला. विचारणा तीन गोष्टींची आहे: ॲलमऐवजी कोणता ॲडज्युव्हंट, म्हणजे प्रतिसाद वाढवणारा साहाय्यक पदार्थ, घ्यावा, डोस ५० मायक्रोग्रॅमवर न्यावा का, आणि अँटिजेन (म्हणजे हे प्रथिन) नॅनोकणावर बसवण्याची मेहनत घ्यावी का.

दिलेल्या माहितीवरून माझे मत असे की पहिला संशय ॲलमवर घेऊ नये, अँटिजेनवर घ्यावा. बांधणारी प्रतिपिंडे भरपूर आणि निष्प्रभ करणारी नाहीत, ही जोडी दिसली की बहुतेक वेळा प्रथिनाचा आकार चुकलेला असतो किंवा मोजमापात काहीतरी शिरलेले असते. ॲडज्युव्हंट आहे तोच प्रतिसाद वाढवतो, लांबवतो, थोडाफार वळवतो. ज्या जागेवर प्रतिपिंड बसले तर विषाणू निकामी होतो ती जागाच तुमच्या प्रथिनावर नसेल, तर आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

याचा सगळ्यात बोलका पुरावा आरएसव्ही या श्वसनविषाणूचा आहे. त्याच्या एफ प्रथिनाची दोन रूपे असतात: पेशीत शिरण्याआधीचे ताणलेले, अस्थिर रूप आणि शिरून झाल्यानंतरचे स्थिर रूप. स्थिर रूप बनवायला सोपे, टिकायला चांगले, म्हणून बरीच वर्षे तेच वापरले गेले. या स्थिर रूपाला तेल-पाण्याच्या इमल्शनमध्ये टीएलआर-४ या जन्मजात प्रतिकारशक्तीच्या ग्राहीचा उद्दीपक घालून ज्येष्ठांमध्ये तपासलेही गेले. प्रतिपिंडे वाढली, टी पेशींचा प्रतिसाद आला, आणि २०१७ मध्ये निकाल जाहीर झाला की आजार काही टळला नाही. दरम्यान २०१३ मध्ये शिरण्याआधीच्या रूपाची रचना उलगडली होती. सर्वांत प्रभावी प्रतिपिंडे जिथे बसतात ती जागा या रूपाच्या टोकाला आहे आणि रूप पालटले की ती नाहीशी होते, हे तेव्हा स्पष्ट झाले. मग एक जादा डायसल्फाइड पूल आणि आतली पोकळी भरणारे दोन बदल करून ते रूप गोठवले गेले. २०२३ मध्ये ज्येष्ठांसाठी दोन लसींना परवाना मिळाला. त्यातल्या एकीत एएस०१ हा ॲडज्युव्हंट आहे, दुसरीत ॲडज्युव्हंटच नाही. दोन्ही काम करतात.

इथे एक सावधगिरी हवी. प्रौढांना आरएसव्ही आधी कधीतरी होऊन गेलेला असतो, त्यांच्याकडे स्मृतिपेशी तयार असतात, म्हणून नुसत्या योग्य आकाराच्या प्रथिनानेही भागते. तुमचे उंदीर कोरे आहेत. त्यांना ॲडज्युव्हंट लागेलच. पण आधी कशावर वेळ घालवायचा, हे या उदाहरणातून कळते.

तेव्हा प्रथिनापासून सुरुवात करू. ई. कोलायमध्ये प्रथिनाला शर्करेच्या साखळ्या म्हणजे ग्लायकन जोडले जात नाहीत, आणि डायसल्फाइड बंध पेशीद्रवात नीट बनत नाहीत. तुमचे प्रथिन इन्क्लुजन बॉडीतून (जिवाणूत साचणाऱ्या न विरघळणाऱ्या गुठळीतून) काढून पुन्हा घडी घालून घेतलेले असेल, तर ते विद्राव्य आहे एवढ्यावरून ते योग्य घडीचे आहे असे मानता येत नाही. जेल दोनदा चालवा, एकदा रिड्यूसिंग (डायसल्फाइड बंध तोडून) आणि एकदा नॉन-रिड्यूसिंग (ते तसेच ठेवून). नॉन-रिड्यूसिंगमध्ये एका पट्ट्याऐवजी शिडी दिसली तर मोकळी सिस्टीन एकमेकांना पकडत आहेत. साइझ-एक्सक्लूजन क्रोमॅटोग्राफीत मुख्य शिखराच्या आधी खांदा आहे का पाहा. तापमान वाढवत जाऊन वितळणबिंदू काढा. स्पष्ट, तीव्र संक्रमण न दिसता सपाट रेषा आली तर घडी नीट नाही असा संशय घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे निष्प्रभ करणारी माहितीतली मोनोक्लोनल प्रतिपिंडे, निदान दोन-तीन, घेऊन ती तुमच्या प्रथिनाला पकडतात का ते तपासा. ती मिळत नसतील तर आजारातून बरे झालेल्यांचे सीरम घ्या. त्या सीरममध्ये तुमचे प्रथिन मिसळून मुरवा आणि सीरमची निष्प्रभ करण्याची ताकद कमी होते का बघा. कमी झाली नाही, तर तुमच्या अँटिजेनवर ती जागा नाही. पुढचे सगळे ॲडज्युव्हंटचे प्रयोग वाया जाणार आहेत, हे एका आठवड्यात कळते.

दोष सापडला तर उपाय बहुधा छोटा असतो. कोव्हिडच्या कॉर्बेव्हॅक्स लसीतले ग्राही-बंधक क्षेत्र (विषाणू ज्याने पेशीला पकडतो तो भाग) पिकिया या यीस्टमध्ये बनते. तिथे दोन अडचणी होत्या. यीस्ट एका ॲस्परॅजिनवर गरजेपेक्षा लांब मॅनोजच्या साखळ्या लावत होते, आणि टोकाचे एक मोकळे सिस्टीन प्रथिनाच्या गुठळ्या करत होते. ॲस्परॅजिन वगळले, ५३८ व्या जागेवरच्या सिस्टीनच्या जागी ॲलनिन ठेवले आणि उत्पादन सरळ झाले. पूर्ण स्पाइक प्रथिनाच्या बाबतीत ९८६ आणि ९८७ या शेजारशेजारच्या जागांवर दोन प्रोलिन घालून ते शिरण्याआधीच्या रूपात धरून ठेवले गेले. अशा बदलांना रचनेची माहिती लागते, पण प्रयोगशाळेत ते करायला फार काही लागत नाही. काही वेळा मात्र यजमान पेशीच बदलावी लागते. ग्लायकनने झाकलेल्या प्रथिनाचा उघडा तुकडा ई. कोलायमध्ये बनवला, तर निसर्गात कधीच दिसत नाहीत असे भाग उघडे पडतात आणि बी पेशी तिकडेच धावतात. प्रतिपिंडे ढीगभर येतात, विषाणूला त्यांचे सोयरसुतक नसते.

आता मोजमाप. दोन गोष्टी मी प्रत्येक नव्या माणसाला विचारतो, आणि दोन्ही तुमच्या वर्णनात बसतात.

एक, एलायझाच्या प्लेटवर काय लावले आहे? ज्या हिस्टिडिन टॅगच्या प्रथिनाने उंदीर टोचले तेच प्रथिन प्लेटवर लावले असेल, तर टॅगविरुद्धची, जोडणाऱ्या दुव्याविरुद्धची आणि शुद्धीकरणातून राहिलेल्या ई. कोलायच्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडेसुद्धा तुमच्या टायटरमध्ये जमा होतात. प्लेटवर वेगळ्या टॅगचे, शक्यतो सस्तन पेशींत बनवलेले तेच प्रथिन लावा. सोबत एक प्लेट त्याच टॅगच्या भलत्याच प्रथिनाची ठेवा. त्या दुसऱ्या प्लेटवर रंग आला की समजायचे. पहिल्या प्लेटवरचा टायटर अशा वेळी पटींनी खाली येतो. म्हणून ‘ॲलमने एलायझा चांगला दिला’ हे विधान मी अजून स्वीकारलेले नाही.

दुसरे एंडोटॉक्सिन. ई. कोलायच्या भिंतीतले लायपोपॉलिसॅकराइड हा स्वतःच टीएलआर-४ चा जोरदार उद्दीपक आहे. म्हणजे तुम्ही ज्याला ‘फक्त ॲलम’ म्हणता त्यात नकळत दुसरा ॲडज्युव्हंट बसलेला असू शकतो. लहान प्रमाणावर बनवलेले प्रथिन उंदरात जोरात चालते, मोठ्या प्रमाणावर शुद्ध केले की प्रतिसाद गायब होतो, आणि मग प्रक्रियेवर खापर फुटते. खरे तर घाण गेलेली असते. एलएएल चाचणी (एंडोटॉक्सिन मोजणारी) ॲलममध्ये मिसळण्याच्या आधी करा, कारण एंडोटॉक्सिन ॲलमला घट्ट चिकटते आणि नंतरचा आकडा फसवा येतो. ट्रायटन एक्स-११४ ने धुणे किंवा पॉलिमिक्सिनचा कॉलम हे नेहमीचे उपाय. शंका उरली तर प्रथिन उकळून डेंड्रायटिक पेशींवर टाका. घडी मोडली तरी सायटोकाइन तेवढेच येत असतील, तर ते काम उष्णतेला न जुमानणाऱ्या एंडोटॉक्सिनचे असण्याची शक्यता मोठी. सी३एच-हेज जातीच्या उंदरात टीएलआर-४ निकामी असतो. तिथे प्रतिसाद कोसळला तर उत्तर मिळालेच.

ॲलमकडेही एकदा नीट बघू या, कारण त्याला बदनाम करण्याआधी ते योग्य वापरले गेले की नाही हे पाहायला हवे. ग्लेनी यांनी १९२६ मध्ये डिप्थेरिया टॉक्सॉइड ॲलमने साकळवून दाखवले तेव्हापासून ते वापरात आहे, आणि इतक्या वर्षांनंतरही अनेक ठिकाणी ते निष्काळजीपणे मिसळले जाते. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा शून्यप्रभार बिंदू साधारण ११ पीएचला आहे, म्हणजे ७.४ पीएचला त्यावर धनप्रभार असतो. ॲल्युमिनियम फॉस्फेटचा साधारण ५ ला, म्हणजे त्याच पीएचला ऋणप्रभार. तुमच्या प्रथिनाचा आयसोइलेक्ट्रिक बिंदू ५ च्या आसपास असेल तर हायड्रॉक्साइड योग्य, ९ च्या आसपास असेल तर फॉस्फेट. आणि बहुतेक प्रयोगशाळांत प्रथिन असते पीबीएसमध्ये. फॉस्फेट आयन हायड्रॉक्साइडच्या पृष्ठभागावरच्या जागा बळकावतात, प्रभार उलटवतात आणि प्रथिन द्रावणातच राहते. मिश्रण अर्धा-एक तास हलवून सेंट्रिफ्यूज करा, वरच्या द्रावणातले प्रथिन मोजा. निम्म्याहून जास्त वरच राहिले असेल तर बफर बदला: हिस्टिडिन किंवा ट्रिस, थोडे मीठ. दुसऱ्या टोकालाही अडचण आहे. अति घट्ट चिकटले तर प्रतिपिंडे कमी येतात असे हिपॅटायटिस बी आणि इतर अँटिजेनवर दिसले आहे, आणि हायड्रॉक्साइडच्या पृष्ठभागालगतचा पीएच आजूबाजूच्या द्रावणापेक्षा जास्त असल्याने काही प्रथिने तिथे हळूहळू खराब होतात. म्हणून चिकटवलेले प्रथिन काही आठवड्यांनी पुन्हा तपासा, निदान एका घडी-ओळखणाऱ्या प्रतिपिंडाने.

हे सगळे ठीक निघाले असे समजू. मग पुढचा प्रश्न ‘कोणता ॲडज्युव्हंट’ असा नसून ‘बी पेशीला हे प्रथिन कसे दिसते’ असा असतो. २५ किलोडाल्टनचे सुटे प्रथिन म्हणजे चार-पाच नॅनोमीटरचा दाणा. तो लसिकेतून लसिकागाठीपर्यंत लवकर पोहोचतो आणि तेवढ्याच लवकर निघून जातो. शिवाय बी पेशीच्या ग्राहींना एकेकट्याने पकडतो, त्यांना एकत्र खेचत नाही. विषाणूच्या पृष्ठभागावर तीच आकृती ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा असते, आणि बी पेशी अशाच पुनरावृत्तीला जोरात उत्तर देते. साधारण २० ते २०० नॅनोमीटरचे कण लसिकेतून स्वतःहून गाठीत जातात, तिथल्या मॅक्रोफेज आणि फॉलिक्युलर डेंड्रायटिक पेशींवर अडकून राहतात. जर्मिनल सेंटरला, म्हणजे गाठीत जिथे चांगल्या पकडीच्या बी पेशी निवडल्या जातात त्या जागेला, दिवसेंदिवस अँटिजेन मिळत राहते.

रिकॉम्बिनंट लसींचा इतिहास याच बाजूने साक्ष देतो. १९८६ मध्ये परवाना मिळालेली यीस्टमधली हिपॅटायटिस बी लस ही या प्रकारातली माणसासाठीची पहिली. ती चालली, कारण त्या पृष्ठप्रथिनाचे आपोआप २२ नॅनोमीटरचे कण बनतात. एचपीव्हीचे एल१ प्रथिन ३६० प्रतींचा विषाणूसारखा रिकामा गोळा बनवते. गार्डासिलमध्ये त्याच्यासोबत फक्त ॲल्युमिनियमचा क्षार आहे, तरी एका डोसनंतरची प्रतिपिंडे वर्षानुवर्षे जवळपास एकाच पातळीवर टिकलेली दिसतात, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ठरावीक वयोगटासाठी एका डोसचा पर्याय मान्य केला. साध्या ॲलमवर इतका टिकाऊ प्रतिसाद मिळतो तेव्हा श्रेय कणाच्या रचनेलाच द्यावे लागते. तुमच्या तीन महिन्यांच्या घसरणीकडे मी याच नजरेने पाहतो.

ज्यांचे प्रथिन आपोआप कण बनवत नाही त्यांना सांगाडा उसना घ्यावा लागतो. २४ प्रतींचे फेरिटिन, ६० प्रतींचा संगणकावर आखलेला आय५३-५० सांगाडा, किंवा हिपॅटायटिस बीचे पृष्ठप्रथिनच. शेवटच्याचे उदाहरण मलेरियात आहे. आरटीएस,एस लसीत मलेरिया परजीवीचे प्रथिन जोडलेले रेणू अल्पसंख्य, बाकी नुसते हिपॅटायटिस बीचे प्रथिन. आर२१ मध्ये प्रत्येक रेणूला मलेरियाचा भाग जोडलेला आहे, त्यामुळे कणावर हव्या त्या अँटिजेनची दाटी वाढते आणि वाहकाविरुद्धचा प्रतिसाद कमी येतो. आय५३-५० वर कोव्हिडचे ग्राही-बंधक क्षेत्र बसवलेली स्कायकोव्हिओन लस २०२२ मध्ये दक्षिण कोरियात मंजूर झाली, एएस०३ या ॲडज्युव्हंटसह.

टी पेशींची मदत हा विषय थोडक्यात उरकतो, पण वगळू नका. लहान प्रथिनात बाल्ब-सीच्या एमएचसी वर्ग दोनला (टी पेशींना पेप्टाइड दाखवणाऱ्या रेणूंना) पकडता येईल असा एकही पेप्टाइड नसेल, तर बी पेशींना मदत मिळणार नाही, आणि मदतीशिवाय जर्मिनल सेंटर उभे राहत नाही. प्लीहेच्या पेशी घेऊन सलग एकमेकांवर चढणाऱ्या पेप्टाइडांनी एलिस्पॉट (प्रतिसाद देणाऱ्या पेशी मोजण्याची चाचणी) करा. सी५७ ब्लॅक-६ मध्येही करा. दोन्हीकडे कोरे निघाले तर पॅड्रे किंवा टिटॅनस टॉक्सॉइडचा पी२, पी३० असा टी पेशींना जागवणारा पेप्टाइड जोडा, किंवा सीआरएम१९७ सारख्या वाहकाला बांधा. सांगाड्याचे प्रथिन हे काम फुकटात करते, हा नॅनोकणाचा दुसरा फायदा.

आता ॲडज्युव्हंट. निवड करताना ‘सगळ्यात जोरदार कोणता’ असे विचारू नये. संरक्षण कशाने मिळते हे ठरवावे. नुसती निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे हवीत, की पेशीत दडलेल्या विषाणूसाठी इंटरफेरॉन-गॅमा देणाऱ्या सीडी४ टी पेशीही हव्यात?

त्याच अँटिजेनवर ॲडज्युव्हंटने किती फरक पडतो याचे स्वच्छ उदाहरण हिपॅटायटिस बीमध्ये आहे. हेप्लिसाव-बी या लसीत पृष्ठप्रथिनासोबत सीपीजी १०१८ आहे, म्हणजे टीएलआर-९ ला उद्दीपित करणारा डीएनएचा छोटा तुकडा. महिन्याभरात दोन डोस. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहींमध्ये याने ९० टक्के लोकांना संरक्षक पातळी मिळाली, तर ॲलमवाल्या तीन डोसांच्या लसीने ६५ टक्क्यांना. ज्यांचा प्रतिसाद मुळात मंद, अशांमध्ये ॲडज्युव्हंटचा फरक सगळ्यात ठळक दिसतो. नागिणीची शिंग्रिक्स लस हे दुसरे टोक: एकच ग्लायकोप्रोटीन, ५० मायक्रोग्रॅम, आणि एएस०१बी म्हणजे लायपोसोममध्ये एमपीएल (टीएलआर-४ चा उद्दीपक) आणि क्विलाजा झाडाच्या सालीतले सॅपोनिन क्यूएस-२१. पन्नाशीच्या पुढच्यांत ९७.२ टक्के परिणामकारकता, सत्तरीच्या पुढेही ९० टक्क्यांच्या आसपास. वय वाढले की लस ढेपाळते हा समज त्या आकड्यांनी हलवला. किंमतही मोजावी लागते: त्याच चाचणीत रोजची कामे अडवण्याइतका त्रास १७ टक्क्यांना झाला, प्लासिबो गटात ३ टक्क्यांच्या आसपास. ज्येष्ठांच्या वेदनादायी आजारासाठी हे चालून जाते. निरोगी तान्ह्या बाळांसाठी हाच हिशेब वेगळा लागतो.

तेल-पाण्याची इमल्शने, म्हणजे १९९७ पासून फ्लूच्या लसीत असलेले एमएफ५९ आणि त्याच्या जातकुळीतले, प्रतिपिंडांचे प्रमाण आणि व्याप्ती चांगली वाढवतात. सीडी४ प्रतिसाद इंटरफेरॉनकडे फारसा वळवत नाहीत. तुमच्यासारख्या, मुख्यतः प्रतिपिंडे हव्या असलेल्या कामासाठी मी पहिल्या फेरीत तीन गट घेईन: ॲलम, ॲलमवर चिकटवलेले सीपीजी, आणि एमएफ५९ सारखे संशोधनासाठी मिळणारे इमल्शन. सीपीजी ऋणप्रभारी असल्याने हायड्रॉक्साइडला छान चिकटते, अँटिजेनसोबत एकाच पेशीत जाते, आणि कॉर्बेव्हॅक्समध्ये ही जोडी माणसात वापरली गेली आहे. सॅपोनिन चौथा गट म्हणून घ्या, पण क्यूएस-२१ पाण्यात आणि विशेषतः अल्कधर्मी पीएचला तुटते आणि मोकळे असले तर तांबड्या पेशी फोडते, म्हणून कोलेस्टेरॉल असलेल्या कणात बांधलेलेच वापरा. फ्रॉइंडचा पूर्ण ॲडज्युव्हंट लसीच्या तुलनेत आणू नका. माणसात तो चालत नाही, आणि तेलात घोटताना नाजूक घडी मोडू शकते.

जोरदार ॲडज्युव्हंटने हमी मिळते असे मानणाऱ्यांनी एचआयव्हीकडे पाहावे. २००९ मध्ये थायलंडच्या चाचणीत कॅनरीपॉक्स वाहक आणि ॲलमवरचे जीपी१२० यांच्या जोडीने ३१ टक्के संरक्षण दाखवले. पुढच्या दक्षिण आफ्रिकेतल्या चाचणीत तिथल्या उपप्रकाराचे अँटिजेन आणि ॲलमऐवजी एमएफ५९ घेतले गेले. २०२० मध्ये ती परिणाम नसल्याने थांबवली. दोष फक्त ॲडज्युव्हंटला देता येत नाही, बऱ्याच गोष्टी एकदम बदलल्या होत्या. पण एका वेळी एकच गोष्ट बदला, हे सांगायला मला याहून चांगले उदाहरण सापडत नाही.

उंदराबद्दल काही सूचना, कारण इथेच आकडे सर्वाधिक फसवतात. टीएलआर-९ उंदरात अनेक प्रकारच्या डेंड्रायटिक पेशींत आणि मॅक्रोफेजमध्ये असतो, माणसात मुख्यतः प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक आणि बी पेशींत. म्हणून सीपीजी उंदरात जरा जास्तच चमकते. टीएलआर-८ चे उलट: माणसात महत्त्वाचा, उंदरात नेहमीच्या उद्दीपकांना तसा जुमानत नाही. सी५७ ब्लॅक-६ उंदरात आयजीजी२ए नसते, आयजीजी२सी असते. बाल्ब-सीसाठीचे आयजीजी२ए ओळखणारे अभिकर्मक त्यांच्यावर लावून ‘टीएच१ (इंटरफेरॉन-गॅमा देणारा) प्रतिसाद नाही’ असा निष्कर्ष काढलेले आलेख मी अजूनही पाहतो. आणि बाल्ब-सी मुळातच टीएच२ कडे, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मदतनीस टी पेशींकडे, झुकलेले, त्यामुळे एकाच जातीवर विसंबून झुकावाचे दावे करू नका.

डोसच्या प्रश्नाचे उत्तर: ५० वर नेऊ नका, खाली या. १० मायक्रोग्रॅमला उंदरात बहुतेक सगळे ॲडज्युव्हंट सारखेच दिसतात, कारण प्रतिसाद छताला टेकलेला असतो. ०.१, १ आणि १० असे तीन डोस घेतले की खरा फरक ०.१ आणि १ वर दिसतो. अँटिजेन जास्त झाले की जर्मिनल सेंटरमधली स्पर्धा ढिली पडते आणि कमी पकडीच्या बी पेशीही निभावून जातात. डोस वाढवून फायदा झाल्याची उदाहरणे आहेत. रिकॉम्बिनंट फ्लू लस फ्लुब्लॉकमध्ये प्रत्येक प्रकाराचे ४५ मायक्रोग्रॅम असते, नेहमीच्या १५ च्या तिप्पट, आणि ॲडज्युव्हंट नसतो. पण तिथेही लोकांना फ्लूची जुनी ओळख आहे. कोऱ्या प्रतिकारयंत्रणेत तो मार्ग तसा चालत नाही.

अंतर मात्र जरूर बदला. दोन आठवड्यांत दुसरा डोस दिला की पहिल्या डोसची जर्मिनल सेंटर भरात असतात. स्मृतिपेशी अजून पिकलेल्या नसतात, आणि रक्तातली नवी प्रतिपिंडे अँटिजेन झाकून टाकतात. चार, शक्य असेल तर आठ आठवडे थांबा. माकडांवर याहून पुढचे काम झाले आहे. पहिला डोस एकदम न देता सुमारे दोन आठवड्यांत वाढत्या हप्त्यांनी दिला, सोबत सॅपोनिन-एमपीएलचे नॅनोकण घातले, तर जर्मिनल सेंटर सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ चालू राहिली, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसांना दर दोन दिवसांनी कोण टोचणार हा प्रश्न आहेच; म्हणून फॉस्फोसेरिनची शेपटी लावून प्रथिन ॲलमवर घट्ट बांधणे आणि हळूहळू सुटू देणे अशा वाटा शोधल्या जात आहेत. इथेही हुरळून जायचे कारण नाही. आरटीएस,एसचा तिसरा डोस उशिरा आणि एक पंचमांश दिल्यावर नियंत्रित संसर्गाच्या चाचणीत संरक्षण ६२.५ वरून ८६.७ टक्क्यांवर गेले होते, २०१६ मध्ये. नंतर आफ्रिकेत मुलांवर प्रत्यक्ष तपासले तेव्हा ती आघाडी दिसली नाही.

घसरणीचे कारण शोधायचे असेल तर नमुने योग्य वेळी घ्या. दुसऱ्या डोसनंतर चौदाव्या दिवसाचा टायटर म्हणजे अल्पायुषी प्लाझ्माब्लास्टांची एकदम उसळलेली लाट असते; ती ओसरणारच. अस्थिमज्जेत जाऊन बसलेल्या दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी किती आहेत ते चौथ्या महिन्यात एलिस्पॉटने मोजा. त्याच सीरमवर युरिया किंवा थायोसायनेट धुऊन पकडीची ताकद मोजा. टायटर घसरत असताना पकड वाढत असेल तर जर्मिनल सेंटर काम करत आहेत, तिसऱ्या डोसने प्रश्न सुटू शकतो. दोन्ही घसरत असतील तर टी पेशींची मदत आणि अँटिजेनचा टिकाव याकडे परत जा.

नॅनोकणाची मेहनत घ्यावी का, याचे उत्तर मोनोक्लोनल प्रतिपिंडांच्या चाचणीवर अवलंबून आहे. तुमच्या सुट्या प्रथिनाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे नीट पकडत असतील, तर हो, आणि स्पायटॅग-स्पायकॅचरने सुरुवात करा. दोन वेगळी बनवलेली प्रथिने मिसळली की त्यांच्यात आपोआप कायमचा सहसंयुज बंध बनतो, त्यामुळे प्रत्येक सांगाड्यासाठी नवे फ्यूजन आखावे लागत नाही. नियंत्रण गट तीन ठेवा: सुटे प्रथिन, नुसता सांगाडा, आणि सांगाडा व प्रथिन न जोडता मिसळलेले. तिसरा गट नसेल तर वाढ प्रथिन कणावर जोडल्यामुळे झाली की सांगाडा नुसता सोबत असल्यामुळे, हे सांगता येणार नाही, आणि परीक्षक नेमके तेच विचारतील. प्रतिपिंडे पकडत नसतील तर कण बनवू नका. चुकीचा आकार साठ प्रतींत मांडून चुकीचीच प्रतिपिंडे जास्त मिळतील. तेव्हा आधी सस्तन पेशींत तेच क्षेत्र, ग्लायकनसह, पुन्हा बनवा आणि दोन्ही प्रथिने ॲलमवर, १ मायक्रोग्रॅमला, आठ आठवड्यांच्या अंतराने शेजारी शेजारी लावा. एक तांत्रिक गोष्ट जाता जाता: ॲलमचे मिश्रण उरले तर ते गोठवून ठेवू नका. गोठले की ॲलमचे कण गुठळ्या होऊन बसतात आणि पुन्हा हलवून पूर्ववत होत नाहीत, त्यामुळे दुसरा डोस प्रत्येक वेळी ताजा बनवा.